टाळी वाजव, तळवे दाखव

खरं मानायचं तर माना. वाद घालायची ताकद माझ्यात उरलेली नाही. तीस वर्षं कॅसिनोत पत्ते वाटून माणूस एवढाच उरतो.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत.

नेवाडातलं रीनो. १९८१ साल, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

आमचे बाबा त्याच कॅसिनोत वरच्या कामाला होते. छताच्या वर फळ्यांची अरुंद वाट असायची. तिथून, आरशांच्या आडून, ते खाली पत्ते वाटणाऱ्यांच्या हातांवर नजर ठेवायचे. त्यांनी कुणाचीच गय केली नाही. सख्ख्या भावालाही पकडून दिलं.

आम्हाला त्यांनी एकच शिकवलं. टेबल सोडताना टाळी वाजवायची, तळवे वर करून दाखवायचे. हात रिकामे आहेत, बघा.

१९८१च्या आधीच बाबा वारले. मग कॅमेरे आले आणि ती वाट बंद झाली.

त्या संध्याकाळी धाकटी डोरीन माझ्या शेजारच्या टेबलावर होती. नोकरी नवी, पदरात पोर, नवरा पळालेला. चोरीचा डाग लागला असता तर दुसऱ्या कुठल्याच कॅसिनोने तिला दारात उभं केलं नसतं.

आणि मी पाहिलं. पैशांच्या जागी चालणारी एक चिप तिच्या बाहीत गेली.

तेवढ्यात वर... पाऊल वाजलं.

एक जड, एक हलकं. बाबा तसेच लंगडायचे.

पावलं छतावरून सरकत आली... डोरीनच्या डोक्यावर थांबली.

बाकी कुणी मानसुद्धा वर केली नाही. डोरीन मात्र पांढरीफटक पडली. तिने चिप गुपचूप जागेवर ठेवली, टाळी वाजवली, तळवे वर केले.

बराच वेळ काहीच नाही...

मग पावलं निघून गेली.

बाहेर आल्यावर ती रडायला लागली. "अगं विल्मा, बाबांनी सोडलं मला."

"बाबांनी कधी कुणाला सोडलंय, बाई?" मी म्हणाले. "घरी जा. उद्या टर्की तुलाच भाजायचीय."

पुढच्या आठवड्यात वायरिंगसाठी छत उघडलं. मी वर पाहिलं. फळ्या केव्हाच काढून नेल्या होत्या. पाय ठेवायला काही नव्हतंच.

डोरीन नंतर ईली नावाच्या गावाला गेली. तिथेही पत्तेच वाटायची. चाकांवरच्या छोट्या घरात राहायची, डोक्यावर नुसता पत्रा.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

"विल्मा, वर कुणीतरी चालतंय गं."

मी म्हणाले, "टाळी वाजव."

"वाजवली."

"तळवे दाखव."



फोनमधून मलाही ऐकू येत होतं... एक जड, एक हलकं. मग तेही थांबलं.

"दाखव ना, डोरीन."

"नाही दाखवता येत," ती हळूच म्हणाली. "या वेळी रिकामे नाहीत."

फोन कट झाला.

तेव्हापासून मी रोज लावते. नुसता वाजत राहतो.