पोवळ्याचं घर

जितं पोवळं डोळ्यांनी बघायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं चोपड्याहून थेट मालवणच्या समुद्राकडे निघालो होतो. तिघं म्हणजे मी कुंदन, माझी माय शेवंताबाई आणि अमळनेरचा माझा दोस्त मनन. मोहिमेची कप्तान माय! तिच्या मंगळसूत्रात दोन लाल पोवळी आहेत. चाळीस वर्षं ती त्यांना खडेच समजत होती. मागच्या दिवाळीत टीव्हीवर कळलं, की ते खडे नव्हेत, समुद्रातल्या बारक्या जिवांनी बांधलेलं घर आहे. झालं! तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला.

"दुसरानं घर गयामा बांधीसन फिरस मी, अन् ते कव्हय देखं बी नही!"

बरं, पुढच्या वर्षी जाऊ म्हणावं, तर जळगावच्या डॉक्टरांनी तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख दिलेली. त्यानंतर खडकांत आणि लाटांत उतरायचं विसरा, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

माय तापीकाठची. लहानपणी केळीचा खांब छातीखाली घेऊन ती पोहायला शिकली आणि पुढे मलाही विहिरीत तिनंच ढकललं. मनन मात्र दुकानदार माणूस, बादलीभर पाण्यालाही बिचकणारा. त्याची गाडी होती आणि खाकऱ्यांचे चार डबे होते म्हणून त्याला घेतलं, असं मी त्याला तोंडावर सांगतो.

पहिले दोन दिवस समुद्रानं आमची चेष्टाच केली. पाणी इतकं गढूळ, की त्यात आपला हात दिसेना. माय वाळूत खुर्ची टाकून बसायची. मनन सूर्य बुडायच्या आत जेवून घ्यायचा आणि मग तिघंही लाटांकडे बघत बसायचो.

तिसरा दिवस शेवटचा होता. सकाळी पाणी नितळ झालं! कयाक भाड्यानं देणारा भूषण स्वतःच सांगायला आला. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर एक काळा खडक आणि त्याला लागून वाळूचा पट्टा होता. त्याच्या पलीकडेच प्रवाळाचा बगीचा, असं तो म्हणाला.

"तुमचा लाल पोवळा हय गावाचा नाय, पण तेचे भाऊबंद आसत," तो मायला म्हणाला. म्हणजे लाल पोवळं इथं सापडत नाही, पण त्याच्या जातीचं दुसरं आहे. मग माझ्याकडे वळला. "पाणी भरूक लागला काय लगेच फिरा. भरतीक तो खडक बुडता. आणि कयाक वर ओढून बांधा!"

मी मान डोलावली. तीन माणसांची ती पिवळी प्लास्टिकची नाव आम्ही वल्हवत नेली. वारा पाठीवर होता. माय मध्ये बसून दोन्ही बाजूंच्या पाण्यात हात बुडवत होती. जमिनीवर चार पावलं टाकताना कण्हणारी बाई तिथं अगदी हलकी झाली होती.

खडकाशी पोचल्यावर मी कयाक अर्धी वाळूवर ओढली आणि वल्हं आत टाकलं. बांधली नाही. तापीवर आम्ही होडी अशीच लावतो. हिवाळ्यात सकाळी लावलेली होडी संध्याकाळी तिथंच असते. नदीचं पाणी काय उठून वर येतं? मननला कयाकवर नजर ठेवायला सांगितलं, मायला मास्क चढवला, कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि म्हणालो, "आठेच थांब, माय. मी जागा देखीसन येस."

खडकाला वळसा घालून गेलो आणि मननची हाक ऐकली.

"कुंदन! ती चालली बघ!"

मी खडकावर चढलो. पाणी चढलं होतं. कयाक वाळूवरून अलगद उचलली गेली होती. वारा तिला खोल समुद्राकडे ढकलत होता. आमचे तिन्ही फोन तिच्यात, पिण्याचं पाणी तिच्यात! मी धावलो. खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळपाय उभा चिरला आणि मी कोसळलो. मान वर केली, तर माय जागेवर नव्हती!

तिनं अंगातलं लाइफ जॅकेट काढलं होतं. ते छातीखाली घेऊन, केळीच्या खांबावर पडावं तशी ती पाण्यावर आडवी झाली होती आणि हात मारत कयाकमागे निघाली होती.

"माय! परत ये!"

तिला ऐकू आलं नाही. दहा हात. वीस हात. आणि अचानक ती थांबली! चेहरा पाण्यात. हात पसरलेले. हालचाल नाही. नुसतं लुगडं लाटेवर हेलकावत होतं. मनन मोठ्यानं नवकार मंत्र म्हणू लागला. मी रक्ताळलेल्या पायानं पाण्यात उडी घेतली. माझ्यामुळे माझी माय गेली, एवढंच डोक्यात होतं.

मग तिचा एक हात हलला. दुसरा हलला. ती पुन्हा निघाली, सावकाश, बाजारातून रमतगमत यावं तशी! तिनं कयाकची दोरी धरली, दातांत पकडली आणि वळली. मी मध्येच गाठून दोरी घेतली. वाळूच्या पट्ट्यावर तेव्हा घोट्याइतकं पाणी होतं आणि मनन खाकऱ्यांचा डबा डोक्यावर धरून उभा होता.

आम्ही वाऱ्याशी झगडत, दमछाक होत किनाऱ्याला लागलो. दुपारी पाणी परत गढूळलं. माझ्या पायाला पाच टाके पडले आणि मोहीम संपली.

परतीच्या दोन दिवसांच्या वाटेवर मी मायकडे बघू शकत नव्हतो. दर तासाला माफी मागत होतो. ती खिडकीबाहेर बघून नुसती "हं" म्हणायची. धुळं मागे पडलं, सोनगीरचा किल्ला दिसला आणि मनननं चहाला गाडी थांबवली. माझा बांध तिथं फुटला.

"माय, मना एका चुकीनं तुनं पोवळं ऱ्हाई गयं. आते कव्हयच नही दिसाव."

तिनं बशीतला चहा संपवला आणि मंगळसूत्रातली पोवळी पदराच्या टोकानं पुसली.

"येडा, मी मधमाच कसाले थांबनू व्हतू?"

मी कप खाली ठेवला.

"बठ्ठं, सगयं देखं मी. पिवयं, हिरवं, फुलकोबीना वावरसारखं! बारका बारका मासा त्यामा घर करी ऱ्हायनात. पोट भरीसन देखं, मंग नाव धरी."

"अन् नाव वाही जाती तर? अन् दोन दिवस बोलनी का बरं नही?"

"दोन दिवस तू माफीच मांगी ऱ्हायना," माय म्हणाली. "काय देखं, ते इचारं का तू?"