न करताच टाकलेली खूण

एकोणीस माणसं तुम्ही मारलीत आणि दोषारोपपत्रावर नाव लावलंत रेवणसिद्ध शेटेचं. तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ज्यांनी गावोगाव खोके वाटले, खोक्यांत वैद्य बसवला आणि त्या वैद्यावर नजर ठेवणारी सात माणसं एका सहीसरशी घरी पाठवली, ते तुम्ही. आता काय झालं ते सरळ ऐका. मधे बोलू नका, तुम्ही पुष्कळ बोललात.

रेवण शेटे बार्शीत मोटार रिवाइंडिंग करायचा. वय छप्पन्न, शिक्षण नववी. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरता भरता तो कॉम्प्युटर शिकला. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलंही नाही. विजेचे हाल झाकायला तुम्ही जे टेबलावरचे कॉम्प्युटर वाटलेत त्यांच्या पोटात बॅटरी होती, लाइट गेली तरी सहा तास चालवणारी. लोक त्याला खोका म्हणत. खोका बिघडला की आतला वैद्य जागा होई. वैद्य म्हणजे आपोआप दुरुस्ती करणारा प्रोग्राम. जाहिरातीत त्याची अक्कल अफाट होती. खरं तर त्याच्याकडे स्वतःची अक्कल नव्हतीच. तो खोकेकट्टा वाचायचा, म्हणजे खोकेवाल्यांचा इंटरनेटवरचा सवाल-जवाबांचा फळा.

खोकेकट्ट्यावर लोक आपापली रड मांडायचे. कुणाचा प्रिंटर अर्धंच पान ओकतोय, कुणाच्या पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. शेटेसारखी शे-दोनशे माणसं फुकट उत्तरं द्यायची. कट्ट्याची एक रीत होती: एका वेळी एकच पायरी सांगायची. लांबलचक उत्तर पाहिलं की नवा माणूस घाबरतो आणि भलतंच बटण दाबतो. दुसरी रीत विचारणाऱ्यांची. काम झालं की उत्तराखाली ‘सुटलं’ ही हिरवी खूण टाकायची. पण आपल्याकडे भीड फार. समोरचा एवढा वेळ देतोय, त्याला ‘नाही जमलं’ कसं म्हणायचं? पाहुण्यानं अर्धपोटी ‘झालं, भरलं पोट’ म्हणावं तशी अर्धी माणसं करून न बघताच खूण टाकायची.

वैद्याला भीड कळत नव्हती. खूण दिसली की तो ते उत्तर उचलायचा आणि तीच तक्रार असलेल्या प्रत्येक खोक्याला लावायचा. उपायाखाली सांगणाऱ्याचं नाव-गाव झळकायचं. पूर्वी मधे सात तपासनीस होते. ते विचारणाऱ्याला फोन करून म्हणायचे, बाई, खरंच चाललं का? निम्म्या खुणा तिथंच गळायच्या. त्यात दोन दिवस जायचे, म्हणून तुम्ही तपासनीस काढलेत. आमच्यात लोक न करताच खूण टाकतात, असं कट्ट्यानं तुम्हाला दोनदा लिहून कळवलं. तुमच्याकडून पोचपावती आली.

त्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला परंड्याहून नसीमा तांबोळीनं लिहिलं. ती एका प्रसूतिगृहात जन्माच्या नोंदी ठेवायची. तिचा खोका दर दहा मिनिटांनी बंद पडत होता आणि चार महिन्यांच्या नोंदी आत अडकल्या होत्या. शेटेनं दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि ओळखलं की बॅटरी म्हातारी झालीय, तापतेय, आणि तापरक्षक खोका बंद पाडतोय. तापरक्षक म्हणजे आतली अशी सोय, की उष्णता वाढली की सगळं बंद. त्यानं पहिली पायरी लिहिली: “तापरक्षक बंद कर.”

दुसरी पायरी लिहीपर्यंत तिची खूण पडली. “सुटलं मामा, लय उपकार.” तिनं अजून बटणाला हातसुद्धा लावला नव्हता.

शेटे चिडला. त्यानं उरलेलं एका दमात लिहिलं: आधी बाजूचा पत्रा काढ, समोर टेबलफॅन लाव, वीस मिनिटांत नोंदी उतरवून घे, मग खोका बंद करून बॅटरी बाहेर काढ आणि वाळूच्या बादलीत ठेव. आणि शेवटी ठणकावलं, “पुन्हा न करता खूण टाकशील तर माझ्याकडं येऊ नको.” नसीमानं माफी मागितली आणि सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. तिच्या नोंदी वाचल्या.

चूक शेटेची होती का? होती. पत्रा आधी काढायला सांगायला हवं होतं. ते त्यानं कधी नाकारलं नाही. पण वैद्यानं फक्त खुणेवरची ओळ उचलली. अकरा वाजता बारा हजार खोक्यांचे तापरक्षक बंद झाले आणि प्रत्येकाच्या पडद्यावर ओळ आली: उपाय सांगणारे रेवणसिद्ध शेटे, बार्शी.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी शेटेच्या दुकानापासून तिसऱ्या गल्लीत वीजबिल घेणाऱ्या खिडकीमागचा खोका फुटला. तिथला कारकून प्रमोद गवसणे त्याच्यावर वाकून बघत होता, की आज हा बंद कसा पडत नाही. बॅटरीचा जाळ त्याच्या तोंडावर आला. पत्रा उडून गळ्यात शिरला. रांगेतल्या लोकांनी काच फोडून त्याला ओढला तेव्हा त्याचा शर्ट आणि कातडं वेगळं करता येत नव्हतं. तो दारातच गेला.

शेटेला हे माहीत नव्हतं. तो कट्ट्यावर बघत होता. उमरग्यात खोका फुटला. करमाळ्यात दोन. एका शाळेतून कुणीतरी नुसतं ‘वाचवा’ लिहिलं होतं. त्यानं तुमच्या मदत क्रमांकावर फोन लावला. गोड आवाजात यंत्र म्हणालं, आपली तक्रार वैद्याकडे नोंदवली आहे.

वैद्य दर अर्ध्या तासानं उपाय पाठवायचा. पुढची खेप साडेअकराची, त्रेचाळीस हजार खोक्यांची, बहुतेक शाळांमधले. ती अडवायची एकच वाट होती: त्याच तक्रारीखाली नवं उत्तर टाकायचं आणि नसीमाकडून त्यावर खूण घ्यायची. नवी खूण जुनीवर मात करायची. अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. तो लिहायला बसला आणि दुकानात माणसं शिरली.

पुढं बंडू गवसणे होता, प्रमोदचा थोरला भाऊ, टेम्पो चालवणारा. हातात जॅकचा दांडा. मागं वीसेक जण.

“शेट्या कोण हाय रं हितं?”

“मीच. मला दहा मिनिटं दे बाबा. मग काय मारायचं ते मार.”

बंडूनं दहा सेकंदं दिली नाहीत. दांडा शेटेच्या उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत गेला. दुसरा घाव खांद्यावर. कुणीतरी रिवाइंडिंगला आलेली मोटार उचलून त्याच्या पायावर टाकली. मग बंडू टेबलावरच्या खोक्याकडं वळला, म्हणाला, ह्याच्यावर लिवतोस न्हवं, हाच फोडतो आधी. शेटे मोडक्या हातानिशी उठला आणि खोक्यावर पालथा पडला.

पुढचे सगळे घाव पाठीवर झाले.

मागच्या खोलीतून त्याची बायको महादेवी आली होती. ती किंचाळली नाही. नवऱ्याच्या काखेखालून कीबोर्ड ओढून तिनं मांडीवर घेतला आणि जमिनीवर बसली. शेटे एकेक शब्द सांगत होता, मधे दांडा पडला की थांबत होता. तापरक्षक चालू करा. खोका लगेच बंद करा. बॅटरीपासून लांब व्हा. तिनं दोन बोटांनी ते लिहिलं. अकरा पंचवीस.

नसीमाचं उत्तर आलं, ते महादेवीनं मोठ्यानं वाचलं. “मामा, माझी बॅटरी काढलीय. हे करून बघता येणार नाही. न करता खूण कशी टाकू? मघाशीच तुम्ही रागावलात.”

शेटे रक्त थुंकला. हसला असावा. म्हणाला, “फोन लाव तिला.”

दोनदा नसीमाचा फोन व्यग्र लागला. बंडूच्या मागची दोन-चार माणसं आता दबकून पडद्याकडं बघत होती. त्यातल्या एकाची मुलगी शाळेतल्या खोक्यासमोर बसायची. त्यानं बंडूचा दांडा वरच्यावर धरला. बंडूनं कोपरानं त्याचं नाक फोडलं, पण दांडा सुटला नाही. तिसऱ्यांदा फोन लागला. महादेवीनं तो नवऱ्याच्या तोंडाला लावला.

“टाक पोरी,” तो म्हणाला. “ह्या वेळी खोटी टाक.”

अकरा एकोणतीसला हिरवी खूण पडली. साडेअकराला त्रेचाळीस हजार खोके आपोआप बंद झाले. शेटेच्या अंगाखालचाही झाला.

काय झालं ते महादेवीनं बंडूला सांगितलं, आवाज न चढवता, सुरुवातीपासून. बंडू खाली बसला. त्यानं विचारलं, “मग माजा भाऊ मारला कुणी?”

तिच्याकडं तुमचा पत्ता नव्हता.

दुपारी तुमची माणसं आली. दवाखान्यात शेटेच्या मोडक्या मनगटाला सोडून दुसऱ्याला बेडी घातली. उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. त्या हातानं तार भरली जाणार नाही. नसीमा तांबोळीवर खोटी खूण टाकल्याचा गुन्हा आहे. पहिल्या खुणेबद्दल नव्हे, दुसरीबद्दल. कारण दुसरीनं त्रेचाळीस हजार सरकारी यंत्रं विनापरवाना बंद पडली. बंडू गवसणे साक्षीदार म्हणून आला आणि शेटेच्या बाजूनं बोलला, तेव्हा त्याची साक्ष गाळलीत.

आणि खोकेकट्टा कायमचा बंद केलात. लोकांचं अज्ञान धोकादायक आहे, असं त्या आदेशात लिहिलंय.

वैद्य मात्र चालूच आहे. कट्टा मिटून दोन महिने झाले, तिथं एक माणूस एक अक्षर लिहीत नाही, तरी वैद्य रोज नवे उपाय पाठवतोय. शाळांत, दवाखान्यांत, बाळंतिणींच्या उशाशी ठेवलेल्या खोक्यांत. लोकांचं लिहिणं तुम्ही थांबवलंत. तपासनीस तुम्ही आधीच काढलेत. स्वतःची अक्कल त्याला नव्हतीच. मग तो हे सगळं शिकतोय कुणाकडून?

उत्तर द्या.