पट्टीवरचा हात

घर बांधायचं होतं, म्हणून मोजणारा बोलावला. एवढंच काम, बाकी काही नाई. तू दिव्याची वात जराशी चढव, सांगते.

भामरागडच्या अलीकडं, नदीकाठी आमची जागा. ठेकेदार म्हणे, जोतं दोन फूट बस झालं. मी म्हटलं, "बाबू, मोठ्या पुराच्या रात्री मी इथीच नदीकडच्या मोहाच्या झाडावर बसून होती. दोन फुटात माझी नात रोशनी अन् तिचं रांगतं लेकरू बुडन."

तो हसला. "मंग किती फूट ते सांग ना, आजीबाई!"

तेच तर सांगता येत नव्हतं. पाण्याची खूण त्या झाडावरच होती, अन् ते केव्हाच पडलं होतं.

मग रोशनीनं फोनवरून बल्लारपूरचा फैज शोधला. इंजिनियर पोरगा, कोण्या कंपनीचा नाई. उंची मोजायची स्वतःची दुर्बीण घेऊन गावोगाव मोजत फिरते. पैशाचं मी आधीच बोलली. "विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याले अर्धे आधी देतो, अर्धे पाणी लागल्यावर. तुलेही तसंच. अर्धे आता, अर्धे पूर येऊन गेल्यावर."

"पूर नाई आला तं, आजी?"

"तं माझं नशीब, अन् तुझंही!"

हसत हसत कबूल झाला. गुणाचा पोरगा.

मोहफुलं पडायचे दिवस होते. भर दुपार. त्यानं घराच्या जागेवर तिपाई मांडून दुर्बीण बसवली. आकड्यांची लांब पट्टी घेऊन मीच नदीकडं गेली, झाड होतं तिथी उभी राह्यली. जागा अन् पाण्याचा अंदाज मलेच ठाऊक ना! त्या रात्री माझ्या खालच्या फांदीले माझी मैतरीण बुधरी धरून होती. माडिया बाई, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. पाणी तिच्या हातांशी येऊन थांबलं, पण तोवर तिचे हात थकले होते. सुटली. सापडली नाई.

ऊन लखलखत होतं, पण एक पाखरू बोलत नव्हतं. मोहाचा गोड वास एकाएकी गेला. गाळाचा वास आला… पूर ओसरल्यावर घरात भरून राहते तसा. पट्टी हातात गार पडली.

दुरून फैज ओरडला, "आजी, त्या बाईले हात काढाले सांगा! आकडा झाकला!"

मी आजूबाजूले पाह्यलं. कोणी नाई.

"कोणती बाई रे?"

"तुमच्या बाजूची… गोंदणवाली… हात ओला हाय तिचा…"

भ्यायली मी, खोटं काऊन बोलू? पण पट्टी सोडली नाई. ओरडून म्हटलं, "हात जिथी हाय, तोच आकडा लिव्ह!"

त्यानं लिहिला. हात दुर्बिणीच्या अगदी रेषेत, तिच्याच उंचीवर होता. म्हणजे घराच्या जागेवर पाणी दुर्बिणीएवढं, माणसाच्या छातीले. त्यावर मी आणखी एक वीत वाढवली अन् तेवढं उंच जोतं घातलं. ठेकेदार गावभर सांगत फिरला, म्हातारी मचाण बांधते म्हणून.

दुसऱ्याच वर्षी पूर आला. रस्ता पाच दिवस बंद. खालचा अख्खा मोहल्ला आमच्या घरात. पाणी आलं, चढलं, अन् उंबऱ्याच्या वीतभर खाली थांबलं. लेकरू झोळीत निवांत झोपलं होतं. ठेकेदारही आला होता, मान खाली घालून चहा पीत होता. मी विचारलं, "साखर बरोबर हाय ना, भाऊ?" सगळे हसले. इतकं सुख मले जन्मात नाई भेटलं. ओसरीवर उभी राहून मी नदीकडं हात जोडले.

रस्ता सुरू झाला तसा फैज आला. मी उरलेले पैसे पुढं केले. त्यानं हात मागं घेतला.

"काऊन रे? पूर येऊन गेला ना? ठरलं होतं तसंच देऊन राह्यली."

"काम पुरं नाई झालं, आजी. त्या दिवशी मी तुमाले अर्धंच सांगितलं."

"म्हंजे?"

"आकडा लिहून मी पुन्हा पाह्यलं… तो हात वर सरकत होता. हळूहळू. मग काचेच्या बाहेर गेला…"

"म्हंजे पुढचं पाणी… घराच्या हिशेबानं कुठवर?"

त्याची नजर उंबऱ्यावरून खिडकीवर गेली, खिडकीवरून छपराच्या कवेलूवर… अन् तिथीही थांबली नाई.