न उसवलेला टाका

"हे पोतं माझ्या उंबऱ्याच्या आत आलं, तर मी बाहेर जाईन! सांगून ठेवायलोय!"

अर्जुनरावांनी पोत्याला लाथ मारली आणि कारखान्यातले तेलकट, काळेकुट्ट हातमोजे दिघीतल्या त्या दोन खोल्यांपुढच्या अंगणभर विखुरले. त्यांची सून स्वरूपा दारातच थिजली. तिचा नवरा समाधान नुकताच हिंजवडीतल्या कंपनीची कॅब चालवून घरी आला होता. बाप आणि बायको यांच्यामध्ये बोलायचं म्हणजे इकडे आड तिकडे विहीर, म्हणून तो बिचारा खाली मान घालून बुटाची आधीच सुटलेली नाडी पुन्हा पुन्हा सोडत राहिला.

"मामा, एकदा ऐकून तर घ्या..." स्वरूपा पुढे आली. "कंपन्या हे मोजे तेल लागलं की फेकून देतात. मी ते धुवीन, फाटलेले शिवीन आणि परत देईन. इथून चाकणपर्यंत हजार कारखाने आहेत, मामा! पॅकिंगच्या लाइनवर उभी राहून माझे पाय सुजतात. सोमवारी मी राजीनामा देणार आहे."

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायलीस! धंदा आपल्या रक्तात न्हाई, पोरी."

एवढं बोलून ते आत गेले. त्यांच्या रक्तात काय होतं आणि काय नव्हतं, हे त्या घराला पुरतं ठाऊक होतं. अहमदपूरकडून पोट भरायला आलेल्या या माणसाने एके काळी चांगली नोकरी सोडून भोसरीत स्वतःचं लेथ मशीन टाकलं होतं. ते बुडालं, आणि त्या काळजीने त्यांची बायको सुभद्राबाई झिजत झिजत गेली. आता साठी ओलांडली तरी अर्जुनराव भोसरीतल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये, दुसऱ्याच्या ड्रिल मशीनवर उभे राहत होते.

स्वरूपाने मोजे गोळा केले. तिने ते सोडा टाकून उकळले, घासले आणि तारेवर वाळत घातले. बोटं खाली लोंबणारे ते मोजे वाऱ्यावर असे हलायचे, की शेजारची साधना म्हणाली, "अगं, काढ बाई ते! कुणीतरी हात करून बोलावतंय असं वाटतं." स्वरूपा हसली.

शिवणकामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फाटलेल्या बोटांना ती नायलॉनचा दुहेरी दोरा घाली आणि असा टाका मारी, की कापड फाटेल पण टाका उसवणार नाही. त्यातली सगळ्यांत देखणी जोडी तिने नमुना म्हणून कपाटात जपून ठेवली होती. पण ती दाखवायची कुणाला? चाकणच्या कंपन्यांच्या गेटवरून सिक्युरिटीवालेच तिला परत पाठवत.

आणि शनिवारी ती जोडी कपाटातून नाहीशी झाली!

"मामा, तुम्ही घेतलीत?"

अर्जुनराव भाकरी मोडत होते. त्यांनी आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "व्हय. फेकून दिली."

स्वरूपाने कपाटाचं दार आदळलं. "तुमचा धंदा बुडाला, म्हणून माझाही बुडावा असं वाटतं ना तुम्हाला? ज्या हातांनी माझे कष्ट फेकलेत ना मामा, ते हात..."

पुढचे शब्द तिने गिळले. पण जिभेला हाड नसतं, आणि अर्धा उच्चारलेला शापसुद्धा ऐकणाऱ्याला पुरा ऐकू येतो. अर्जुनरावांनी उरलेली भाकरी ताटातच ठेवली, हात धुतले आणि सुनेकडे न पाहता कामाला निघून गेले.

दुपारी समाधानचा फोन आला. त्याला धड बोलताही येत नव्हतं. "स्वरूपा... बाबांचा हात... मशीनमध्ये गेला गं!"

दवाखान्यापर्यंत ती कशी पोहोचली, ते तिचं तिलाच कळलं नाही. सारी वाट ते अर्धवट वाक्य तिच्या कानात घुमत होतं. 'ते हात... ते हात...' देवा, मी पुरं बोलले नव्हते रे! तू का पुरं केलंस?

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मारुतराव बसले होते. अर्जुनरावांचे वर्कशॉपमधले जुने सोबती. त्यांच्या शर्टावर रक्त होतं. स्वरूपाला पाहताच ते म्हाताऱ्या बाईसारखे रडू लागले.

"ताई, त्यानं तुमची जोडी आणली होती. चाकणच्या कंपनीचे स्टोअरवाले साहेब आज वर्कशॉपचा माल बघायला येणार, हे त्याला ठाऊक होतं. साहेब आले तसा हा मशीन बंद करून मोजे घालून त्यांच्यापुढं उभा! म्हणाला, 'माझ्या सुनेनं शिवलेत. ओढून बघा, साहेब, टाका उसवला तर नाव बदलीन.' साहेबांनी ओढून पाहिलं आणि हसले. म्हणाले, ऑर्डर देऊ. अर्जुनराव पोरासारखा हरखला... आणि त्याच आनंदात तसाच मशीनवर जाऊन उभा राहिला. मोजे काढायचे राहून गेले!"

"पण मोजे घातले तर..."

"ताई, फिरत्या ड्रिलवर मोजे घालायचे नसतात. टोकात कापड अडकलं की हातच ओढला जातो. आम्हा सगळ्यांना हे त्यानंच शिकवलं होतं." मारुतरावांचा आवाज खोल गेला. "साधा मोजा असता तर कदाचित फाटून सुटला असता. हा फाटला नाही हो..."

ज्या टाक्याचा स्वरूपाला केवढा अभिमान होता, त्याच टाक्याने घात केला होता!

उजव्या हाताची तीन बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर अर्जुनरावांना सून पायथ्याशी दिसली. त्यांच्या पावलांवर तिचं डोकं होतं आणि चादर आसवांनी भिजली होती.

"मामा, मी तुम्हाला शाप दिला..."

"खुळी हायस. ड्रिल शापानं फिरत न्हाई, मोटारीवर फिरतंय." ते क्षीण हसले.

"पण तुम्ही खोटं का बोललात? फेकली म्हणून का सांगितलंत?"

त्यांनी नजर छताकडे वळवली. "साहेब न्हाई म्हणला असता, तर? तुला आधीच आस लावून ठेवली असती अन् मग ती मोडली असती... तसं उतरलेलं तोंड मी एकदा बघितलंय, सुभद्राचं. पुन्हा बघायची ताकद न्हाई, लेकरा. त्यापरीस तू मला वाईट म्हणलेलं बरं."

ज्या माणसाला तिने वैरी मानलं, तो तिचं स्वप्न स्वतःच्या हातात घालून फिरत होता! "मला नको तो धंदा," ती हुंदके देत म्हणाली. "सगळे मोजे जाळून टाकते. सोमवारी कामावर जाते."

अर्जुनरावांचा चेहरा एकदम कठोर झाला. "मग माझी बोटं कशापायी गेली?"

सोमवारी ती कंपनीत गेली. तिने राजीनामा दिला. आनंदाने नव्हे, एखादं जड कर्ज अंगावर घ्यावं, तसा.

चाकणहून पहिली पोती आली. समाधानने अंगणात चूल मांडून दिली. स्वरूपाने नायलॉनची रिळं साधनाला देऊन टाकली आणि साधा, एकेरी सुती दोरा आणला. जोराचा हिसका बसला की तुटेल, असा. माल गेला, आणि दोन दिवसांत स्टोअरवाल्या साहेबांचा फोन आला. भर दुपारी, अर्जुनराव समोर बसले असताना. तिने स्पीकर लावला.

"मॅडम, हे काय पाठवलंत? ओढलं की टाके तुटतात. असं चालणार नाही. त्या दिवशी दाखवली होती ना, अगदी त्या जोडीसारखं शिवा. नाहीतर ऑर्डर बंद!"

हो म्हणावं तर पुन्हा कुणाचा तरी हात... आणि नाही म्हणावं, तर ज्यासाठी या माणसाने बोटं गमावली, ते एका शब्दात मातीला मिळणार! स्वरूपाने भयाने सासऱ्याकडे पाहिलं.

अर्जुनरावांनी डाव्या हाताने फोन उचलला.

"साहेब, तसं शिवलेलं आता मिळायचं न्हाई. सून माझी म्हणती तसंच मिळंल. घ्यायचं तर घ्या."

"कोण बोलतंय?"

"ज्याच्या हातात तुमी ती जोडी बघितली व्हती ना... त्योच बोलायलोय."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "विचारून सांगतो," एवढंच साहेब पुटपुटले आणि फोन बंद झाला.

काय विचारणार, कधी सांगणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वरूपा डोळ्यांना पदर लावून बसून राहिली. अर्जुनरावांनी डाव्या हाताने एक फाटका मोजा तिच्यापुढे सरकवला.

"शिव," ते म्हणाले.