मोकळ्या खुर्चीवरचा चौकोन

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, मी कुणाच्या पाया पडायला जाणार नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आमच्याच फोटो स्टुडिओत, आणि तेही भर दुपारी. रविवार होता, शटर अर्धं ओढलेलं होतं. आत मी आणि बाबा, दोघंच.

स्टुडिओ आजोबांचा. मग बाबांनी चालवला, आता मी चालवते. लग्नाचे फोटो काढायचे आणि लग्न मोडलं की त्याच फोटोंतून सून नाहीतर जावई पुसून द्यायचा. हल्ली पुसायचं कामच जास्त येतं.

बाबांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. स्वतःच्या आईचा चेहरा बघायचा होता.

ती बाळंतपणात गेली, तिचा फोटो नाही, एवढंच त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. फोटोग्राफरच्या घरात बायकोचा एक फोटो नाही, हे कुणाला तरी पटेल का? पण विचारायची सोय नव्हती. विषय निघाला की सावत्र आजी ताटावरून उठायची आणि आजोबा अबोला धरायचे. दोघंही गेले. तोंड मिटूनच गेले.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर झपाट्यानं चाललीय, काय बघायचं ते बघून घ्या. घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "तुझ्या त्या इंटरनेटवर काही मिळतं का बघ ना गं."

म्हणून मी एका वंशावळीच्या साइटवर खातं उघडलं. माहीत होती ती नावं भरली आणि त्या रविवारी घरातले जुने फोटो स्कॅन करून चढवायला बसले. ती साइट फोटोतले चेहरे आपणच शोधते. चेहऱ्याभोवती चौकोन काढते आणि खाली विचारते, हे कोण आहे? मग तोच चेहरा जगभरातल्या लोकांच्या फोटोंत धुंडाळते.

पहिला फोटो आजोबांचा. तरुण, ताठ उभे, मागे रंगवलेला पडदा, शेजारी एक मोकळी खुर्ची.

आजोबांच्या चेहऱ्यावर चौकोन आला.

आणि दुसरा चौकोन… त्या मोकळ्या खुर्चीवर.

हे कोण आहे?

मला हसू आलं. मशीनच ते, भिंतीवरच्या डागालाही माणूस समजतं. मी दुसरा फोटो चढवला. तिथेही मोकळ्या जागेवर चौकोन. तिसरा… तिथेही. बसलेल्या बाईचं डोकं जिथे येईल, नेमकं तिथे.

तेवढ्यात आतल्या डार्करूममधून आवाज आला.

खर्र… खर्र… खर्र…

ती खोली कित्येक वर्षं बंद आहे, अडगळ भरलीय नुसती. मी दार उघडलं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं आणि टेबलावरची धूळ जशीच्या तशी होती. मी दार लावून वळले…

खर्र… खर्र…

"उंदीर असेल," बाबा म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी परत जागेवर येते तर स्क्रीनवर अक्षरं आलेली. जुळणारा चेहरा सापडला.

एका निवृत्त नर्सबाईंनी आपल्या घरचा फोटो टाकला होता. मी तो उघडला. आमचाच फोटो होता. तेच आजोबा, तोच पडदा, तीच खुर्ची. फक्त त्यांच्या फोटोत खुर्चीवर एक बाई बसलेली होती.

खाली नंबर होता, मी तिथल्या तिथे लावला. नर्सबाई म्हणाल्या, ही माझी थोरली मावशी, आणि बाळंतपणात वगैरे काही गेली नाही. तुमच्या आजोबांना दुसरी आवडली, म्हणून रांगतं पोर ठेवून घेऊन हिला माहेरी धाडलं. लग्नानंतर माहेरी पाठवलेली ही एक प्रत, म्हणून तेवढी वाचली. पोराला बघायला ती स्टुडिओच्या दारात येत राहिली आणि आजोबा तिला पायरीवरूनच हाकलत राहिले. मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच विचारायची, माझ्या बाळाचा फोटो आणलात का?

एवढा संताप आला मला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. नीच होता तो माणूस.

फोटो स्क्रीनभर मोठा करून मी बाबांना बोलावलं. त्यांनी अगदी काचेला नाक लावून बघितलं. मला वाटलं रडतील. रडले नाहीत.

"हिला मी ओळखतो."

मी म्हणाले, कसं ओळखाल, तुम्ही रांगत होतात.

"हिला मी पुसलंय."

बाबा शाळेत होते तेव्हा आजोबांनी त्यांना रीटचिंग शिकायला बसवलं. पुढ्यात जुन्या निगेटिव्ह ठेवल्या. म्हणाले, शोकेसच्या नमुन्यासाठी कुणी बाई बसवली होती, आता नको आहे, काढून टाक. पात्यानं हलकेच खरवडायचं आणि पेन्सिलीनं मागचा पडदा भरायचा. बाबा सुट्टीभर तेच करत होते. चेहरा सगळ्यात शेवटी खरवडायचे, कारण ती त्यांच्याकडे बघतेय असं वाटायचं. काम संपल्यावर आजोबांनी पाठ थोपटली, पोराचा हात बसला म्हणाले. हे कौतुक बाबांनी आम्हाला आयुष्यभर अभिमानानं ऐकवलंय.

आत परत सुरू झालं. खर्र… खर्र…

"उंदीर नाहीये तो," बाबा म्हणाले. "माझाच हात आहे."

त्या चौकोनात मी तिचं नाव भरलं. वाटलं, आता तरी थांबेल. नाही थांबलं.

आता बाबांना जवळजवळ काहीच दिसत नाही. मागच्या आठवड्यात ओळखपत्रासाठी त्यांचा फोटो हवा होता. त्यांना स्टुडिओत स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा लावला. हा नवा कॅमेराही चेहऱ्यावर आपणच चौकोन धरतो. बाबांच्या चेहऱ्यावर तो धरेचना. सरकत सरकत गेला… आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर थांबला.

"आलीय ना?" बाबांनी विचारलं.

तिथे मला काहीही दिसत नव्हतं. पण त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, हो बाबा, तुमच्याकडे बघून हसतेय.

"खोटं नको बोलूस. मला दिसतेय ती." बाबा त्या जागेकडे तोंड करून बसले होते. "ती मला ओळखत नाहीये गं."

माझ्या हातून बटण दाबलं गेलं. तो फोटो मी अजून उघडलेला नाही.