डाव्या हाताचे वेढे

"आक्का, किती वेढं गं?"

दवाखान्यातल्या खाटेशेजारी उभं राहून सम्राटने आपल्या बहिणीला एवढंच विचारलं होतं. उत्तर त्याला मिळालं नाही. तिच्याकडून नाही आणि पुढे आयुष्यात दुसऱ्या कुणाकडूनही नाही. यशोधराने डावा हात चादरीबाहेर काढला, एक बोट हवेत सावकाश गोल फिरवलं आणि डोळे मिटले. काविळीने हात इतका पिवळा पडला होता की तो तिचा वाटेना. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मरणाच्या दारात असलेल्या बहिणीला आपण तारेचे वेढे विचारले, ही गोष्ट सम्राटला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

कोपरगावात स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याच्या वडिलांचं, रंभाजींचं, जळक्या मोटारींत नवी तार भरायचं पत्र्याचं दुकान होतं. मुलूख उसाचा. विहिरीवरच्या मोटारी जळायच्या आणि टेम्पोत पडून रंभाजींकडे यायच्या. रंभाजींची नजर अधू झाल्यापासून तांब्याची तार यशोधराच गुंडाळायची. ती डावखुरी होती. गुंडाळायच्या यंत्राचा दांडा सगळं जग उजव्या अंगाला फिरवतं, ती डाव्या अंगाला फिरवायची. यंत्रावरचं मोजणीचं घड्याळ मोडून वर्षं झाली होती, म्हणून मोजायची तिची आपली एक रीत होती. मांडीजवळ दोन वाट्या. वीस वेढे झाले की एका वाटीतला नट दुसऱ्या वाटीत टाकायचा. टण्. 'एक इसा.' पुन्हा वीस. टण्. 'दोन इसा.' काम झालं की नट मोजायचे. गुंडाळलेली कॉइल बांधायचा दोरा ती बुद्धवंदनेनंतर उरलेल्या मेणबत्तीवरून ओढून घ्यायची. मेण लागलेली गाठ मग सुटायची नाही.

सम्राट सतरा वर्षांचा. सहावीत शाळेला रामराम ठोकून घरी बसलेला, आणि हातात काही आलं की आधी उघडणार, मग विचार करणार असा.

त्या उन्हाळ्यात गहिनीनाथने आपल्या गेम पार्लरमधलं गोळीचं मशीन दुकानात आणून टाकलं. पिनबॉलचं जुनं, मुंबईहून आणलेलं धूड. तिरक्या फळीवरून लोखंडी गोळी घरंगळत खाली येते आणि खालचे दोन फ्लिपर तिला फटका मारून परत वर धाडतात. पोरं त्यांना मशीनचे हात म्हणायची. दोन्ही हात लुळे पडले होते. आजवर मोटारीच भरलेल्या यशोधराला या खेळण्याने वेड लावलं. तिने डाव्या हाताची जळकी कॉइल वेढा-वेढा सोडवून मोजली आणि तशीच नवी गुंडाळली. तो हात टणाटण चालायला लागला. आकडा वहीत लिहिला नाही, कारण उजवी कॉइल लगेच करायची होती. मग तिला ताप भरला.

ती दवाखान्यात असताना सम्राटला वाटलं, आपण दुसरा, उजवा हात दुरुस्त करून ठेवू, आक्का घरी आली की खूश होईल. त्याने फळी उचलून खाली पाहिलं. फ्लिपर बोटाने पूर्ण वर नेला की पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून सुटत होत्या. त्याला तोच बिघाड वाटला. मोटारीच्या स्टार्टरमध्ये पॉइंट, म्हणजे अशाच पट्ट्या, घट्ट बसले पाहिजेत, एवढंच तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्याने पट्ट्या वाकवून घट्ट चिकटवल्या आणि बटन दाबून धरलं. मिनिटभरात धूर निघाला. मग घाबरून त्याने जळकी कॉइल छिन्नीने कापली आणि न मोजता तांब्याच्या भंगारात भिरकावली. दुकानात मोटारीच्या कॉइलचं असंच करत. पण मोटारीचे आकडे वहीत असत. या कॉइलचा आकडा फक्त आक्काला ठाऊक होता, म्हणून तो दवाखान्यात तिला विचारायला गेला.

रंभाजींनी त्याला नंतर समजावलं होतं, आवाज न चढवता. कॉइलमध्ये दोन तारा असतात. जाड तार हात वर ओढते, बारीक तार त्याला वर धरून ठेवते. ओढून झालं की पट्ट्या सुटल्या पाहिजेत. नाही सुटल्या तर जाड तार ओढतच राहते आणि स्वतःच जळते.

यशोधराला जाऊन चार आठवडे झाले, तेव्हा गहिनीनाथ दारात येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. बराच वेळ चप्पल घासत उभा राहून म्हणाला, सोमवारी टेम्पो आणतो. दोन्ही हात चालले तर मशीन पार्लरमध्ये जाईल, नाहीतर भंगारवाला वाट बघतोय.

त्या मशीनमध्ये डाव्या बाजूला आक्काच्या हातची शेवटची कॉइल होती.

सम्राटने अंदाजाने दोनदा गुंडाळून पाहिलं. पहिल्यांदा हात कसाबसा उचलला गेला, गोळीला ढकलायचंही बळ त्यात नव्हतं. दुसऱ्यांदा फ्यूज उडाला. आता तार एकाच कॉइलपुरती उरली होती.

रविवारी सकाळी रंभाजी म्हणाले, "डावी सोडव. मोज. सोपं हाय."

"तिनं गुंडाळलेली हाय ती, आण्णा."

"मंग काय जलमभर गुंडाळलेलीच ठिवतो?"

  जेवून रंभाजी मागच्या खोलीत आडवे झाले. आई भागिरथी देवळालीला मावशीकडे गेली होती.

दुपारचे बारा-साडेबारा. रविवारची लाईट गेलेली. गल्लीत कुत्रंही नव्हतं. पत्रा उन्हाने तडतडत होता आणि अर्ध्या ओढलेल्या शटरखालून उन्हाचा पट्टा जमिनीवर सुरीसारखा पडला होता. बाकी दुकानात वार्निशचा वास आणि काळोख. सम्राटने डावी कॉइल बाहेर काढून यंत्रावर चढवली. शेवटी आण्णाच खरे, असं म्हणत त्याने गाठीला नख लावलं.

गाठ सुटेना. नखाखाली मेण आलं. आणि मग वास आला, नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा. त्याने वळून पाहिलं. बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती चार आठवड्यांत कुणी पेटवली नव्हती.

त्याने हात मागे घेतला. कॉइल उतरवून जपून बाजूला ठेवली आणि रिकामं रीळ यंत्रावर चढवलं. जे होईल ते होईल. त्याने जाड तार अडकवली, दांडा धरला आणि मोजायला लागला.

दोनशेपर्यंत आकडा शाबूत होता. मग घाम डोळ्यात उतरला. दोनशे चौतीस, की चोवीस... आणि त्याच क्षणी त्याच्या मांडीजवळ आवाज झाला.

टण्.

त्याचा हात थांबला नाही. थांबवायला गेला तर थांबेना. दांडा आता जड लागत नव्हता, पलीकडून कुणी जोडीने धरावा तसा हलका फिरत होता. मानेमागे थंड वारा लागला. वर पत्रा तापून तडतडत होता, तरी त्याच्या दंडावर काटा आला.

टण्.

"आक्का..." त्याने खाली न बघता म्हटलं. "म्या चुकलो गं... दवाखान्यात तसं इचारायला नको हुतं..."

 तार सरसर बसत राहिली, वेढ्याला वेढा चिकटून, त्याच्या हातून आजवर कधी बसली नव्हती तशी. बऱ्याच वेळाने दांडा आपोआप अडला. त्याने यांत्रिकपणे बारीक तार जोडली. पुन्हा दांडा फिरला. पुन्हा तो आवाज, शांत, ठरल्या वेळाने, जेवणानंतर सुपारी कातरत बसलेल्या माणसासारखा निवांत. भीती होती, पण तिच्या तळाशी त्याला कित्येक दिवसांनी झोप आल्यासारखं वाटत होतं.

दांडा दुसऱ्यांदा अडला तेव्हा उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला होता. सम्राटने धीर करून वाट्यांकडे पाहिलं.

सगळे नट पहिल्याच वाटीत होते. दुसऱ्या वाटीच्या तळाला महिन्याभराची धूळ होती, बोट न लागलेली.

चार वाजता रंभाजी उठून आले. नवी कॉइल त्यांनी हातात घेतली आणि नजरेला जमत नव्हतं ते अंगठ्याने पाहिलं. अंगठा एकदा फिरवला. पुन्हा फिरवला.

"कुनी गुंडाळली?"

"म्या."

"कंच्या हातानं?"

"उजव्या. नेहमीसारखी."

रंभाजी खाली बसले. कॉइल त्यांनी ओंजळीत धरली. मग एवढंच म्हणाले, "उलटी बसलीय. डाव्या अंगानं." "चालंल तशीबी. बशिव."

दवाखान्यात हवेत फिरलेलं पिवळं बोट सम्राटच्या डोळ्यांपुढे आलं. ते कुठल्या अंगाला फिरलं होतं, हे त्याला तेव्हा दिसलंच नव्हतं. आता दिसलं.

दोघांनी मिळून दोन्ही कॉइल बसवल्या. पट्ट्यांमध्ये काडेपेटीचा पुठ्ठा जाईल एवढी फट सम्राटने स्वतः ठेवली, हात वर गेल्यावर सुटतील अशी. फ्लिपरवरचं रबर गेलं होतं, तिथे सायकलच्या ट्यूबची चकती चढवली. संध्याकाळी लाईट आली.

सोमवारी सकाळी गहिनीनाथने अर्धा तास दोन्ही बटनं दाबून, धरून, सोडून पाहिली. फळीखाली हात घालून कॉइल चाचपली. कोमट होती, बस. "लेका, तुला आलं की रं हे काम," तो म्हणाला. चहा पिऊन मशीन पार्लरला न्यायचं ठरलं. "वेढं किती घातलंस? माज्या मेव्हन्याकडं बी असलंच मशीन हाय."

"न्हाई माहीत," सम्राट म्हणाला.

ते सोडवल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि ते त्याने पुढे कधी सोडवलं नाही. तशा सात-आठ कॉइल त्याने नंतर स्वतःच्या अंदाजाने, उजव्या अंगानेच गुंडाळल्या, चालवल्या, दोन-चार जाळल्याही. रंभाजींच्या दुकानावर पुढे त्याचंच नाव लागलं.

पण त्या सकाळी गहिनीनाथ आणि आण्णा चहाला गेले आणि सम्राट मशीनपाशी एकटा उरला. एक गोळी आत शिल्लक होती. मशीन दुरुस्त झालं की पहिला डाव आपला, असं आक्का म्हणाली होती. त्याने दांडी ओढून गोळी सोडली. ती वर गेली, दिवे लागले, घंटी वाजली. उजव्या हाताने त्याने तिला एकदा परतवलं, दुसऱ्यांदा परतवलं. मग गोळी वरच्या कडेला आपटून वळली आणि डाव्या बाजूने सावकाश खाली यायला लागली. मेणबत्तीचा वास आला.

सम्राट थोडा उजवीकडे सरकला, शेजारी एक माणूस मावेल एवढा. आणि डाव्या बटनावरचा हात त्याने काढून घेतला.