बारा उपाशी वाफे

या, थोडं पुढे सरकून बसा आणि चित्त इकडे द्या. गोष्ट जयपूरची आहे, त्रेसष्ट सालच्या माघातली. राजा पार्कात तेव्हा मराठी घरं मोजून सात. पण एकादशीला कुणाच्या ना कुणाच्या अंगणात टाळ वाजायचाच. ते दिवस गेले. गोष्ट राहिली.

फौजेतून निवृत्त झालेल्या हिंदुरावांच्या दारावर ‘खासगी चौकशी’ अशी पाटी होती. शेजारचे गजाननराव विमा कंपनीत होते. कीर्तनात झांजा धरायला पहिले, तर्क लढवायला शेवटचे. मंगळवारी सकाळी दोघं चहा घेत असताना उमाकांत आला. दुर्गापुऱ्याच्या पुढे एका बियाणे संस्थेचं शेत होतं, तिथे तो प्रयोग करायचा.

“काका, शनिवारी एका माणसाची नोकरी जाणार. माझ्या अहवालामुळे. आणि माझा हात धजत नाही.”

“बस आधी. पहिल्यापासून सांग.”

“गव्हाचे चोवीस वाफे. बियाणं एक, पाणी एक, पेरणीचा दिवस एक. फरक फक्त खताचा. लाल निशाणाच्या बारांना नवं खत, पांढऱ्या निशाणाच्या बारांना काहीच नाही. कुठल्या वाफ्याला कुठलं निशाण, तेसुद्धा चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आता पीक गुडघ्याला लागलंय, आणि चोवीसही सारखेच!”

“खतात दम नसेल,” गजाननराव म्हणाले.

“हेच खत दुसरीकडे चाललंय. म्हणून साहेब म्हणतात, गोदामाची किल्ली नंदकिशोरकडे. त्यानं खत विकून पोत्यांत खडूची भुकटी भरली.”

“मग झालं की! सरळ आहे.”

“गजाननराव, तुमचं सगळंच सरळ असतं.” हिंदुरावांनी कप खाली ठेवला. “उमाकांत, सारखे म्हणजे सारखे चांगले, की सारखे वाईट?”

“ते तुम्हीच येऊन बघा,” उमाकांत म्हणाला.

शेतावर पोचल्यावर हिंदुराव आधी कुंपणाकडे गेले. तिथे गव्हाची एक ओळ होती. पिवळट, जेमतेम वीतभर.

“ही?”

“उरलेलं बियाणं, त्याच दिवशी टाकलेलं. खत नाही. बकऱ्या शिरल्याच तर इथे थांबतील म्हणून. मोजणीत धरत नाही.”

गजाननराव मोर बघत होते.

मग हिंदुरावांनी उरलेलं रंगीत कापड मागून घेतलं आणि शेताच्या चार टोकांच्या कोऱ्या जमिनीवर चार निशाणं रोवली. निळं, जांभळं, पिवळं, हिरवं.

गोदामात नंदकिशोर मान खाली घालून उभा होता. “साहब, बच्चों की कसम, मी पोत्याला हात नाही लावला.”

“बरं. आणि ऐक, निळ्या निशाणाखाली आज पेरलंय. त्याला काहीच घालायचं नाही.”

चौमूं गावचा देवराम माळी मोटेपाशी भेटला. “सुबह कौन आता है यहाँ?” हिंदुरावांनी विचारलं.

“कोई नहीं जी. बस माताजी सूरज को जल चढ़ाने आती हैं, कलसी लेकर.” त्याला हिंदुरावांनी जांभळ्या निशाणाचं सांगितलं.

माताजी म्हणजे उमाकांतची गंगूमावशी. वाईहून भाच्याला रांधून घालायला आलेली, लुगड्याचा पदर खोचलेली. शेतालगतच त्यांचं घर, अंगणात कपिला गाय रवंथ करत होती. भिंत मात्र कोरी, एक गोवरी थापलेली नाही. स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर.

“गाय दारात आणि स्टोव्ह, मावशी?”

“फॅशन हो,” मावशी हसली. “जेवूनच जा. माझ्या दारात कुणी उपाशी असलं, तर मला घास गिळत नाही.”

“आज नको. तेवढं पिवळ्या निशाणाखालच्या पेऱ्याला काही घालू देऊ नका कुणाला.”

“म्हणजे तोही उपाशीच?” मावशीचं हसू मावळलं.

परतताना गजाननराव वैतागले. “प्रत्येकाला वेगळा रंग? आणि हिरव्याचं सांगायचंच विसरलात!”

“विसरलो नाही.”

गुरुवारी सकाळी हिंदुरावांनी सगळ्यांना बांधावर बोलावलं, साहेबांनाही.

“दोन तर्क होते,” ते म्हणाले. “एक, लालवाल्यांना खत मिळालंच नाही. दोन, पांढऱ्या निशाणवाल्यांना कुणीतरी गुपचूप खाऊ घातलं. दोन्हींत चोवीस वाफे सारखेच दिसणार. निवाडा केला कुंपणाच्या ओळीनं. खरी उपाशी ती, आणि ती वीतभर. म्हणजे वाफे सारखे चांगले आहेत. खत अस्सल आहे.”

नंदकिशोरनं डोळे मिटले.

“पण हा अंदाज. अंदाजाला खोटं ठरायची संधी द्यावी लागते. म्हणून तिघांना तीन रंग सांगितले. हिरवा कुणालाच नाही. आज निळं कोरडं, जांभळं कोरडं. हिरवंही कोरडं, म्हणजे दव नाही, पाटही फुटलेला नाही. ओलं फक्त पिवळं. आणि त्या ओलीत शेणाचा काला.”

“कोऱ्या भिंतीचं शेण!” गजाननराव ओरडले. “आणि सूर्याची कळशी!”

सगळ्यांच्या नजरा मावशीकडे वळल्या. ती गोंधळली होती, पण घाबरली नव्हती.

“हो, मीच घालते रोज. अरे उम्या, तूच जेवताना म्हणालास ना, पांढरी निशाणं उपाशी ठेवलीत म्हणून? बारा तोंडं दारात उपाशी. मी पानावर कशी बसू?”

“मावशी, त्यापायी नंदकिशोरची नोकरी चालली होती!”

तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती हळूहळू नंदकिशोरसमोर गेली आणि तिनं हात जोडले.

“बाबा रे, मला वाटलं मी वाढतेय. मी तर तुझ्या ताटातलं काढत होते.”

“माताजी, ऐसा मत कीजिए,” म्हणत त्यानंच वाकून तिचे पाय धरले. साहेबांनी खिशातलं बडतर्फीचं पत्र काढलं आणि तिथेच फाडलं.

“वर्ष मात्र फुकट गेलं,” उमाकांत पुटपुटला.

“पुढचं वाचव,” हिंदुराव म्हणाले. “वाफ्यांना नुसते आकडे दे. कोणता उपाशी, ते पाकिटात बंद. पाकीट साहेबांकडे, कापणीपर्यंत.”

पुढच्या हंगामात तसंच झालं. मावशी काठी घेऊन बांधावर बसायची, कुणालाही आत सोडायची नाही. चोवीसांतले उपाशी कोण, हे पीक वर येईपर्यंत तिला कळायला मार्ग नव्हता. म्हणून ती सगळ्यांसाठी सोमवारचा उपास धरायची. म्हणायची, “त्यांना एकट्यांना उपाशी कशाला ठेवू?”

कापणीला पाकीट उघडलं. जे बारा वाफे वीतभर बुटके राहिले होते, त्यांचेच आकडे त्यात निघाले. मावशीनं त्यांच्या ओंब्या आधी ओटीत घेतल्या.

आता उठा, पानं वाढली आहेत. पोळीचा पहिला घास घेताना एवढं करा, गंगूमावशीला आठवा.